फोटो शार्प करायचा तो सगळ्यात शेवटी

आजीचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसतो. फ्रेमसाठी प्रिंट काढला की मात्र डोळे मऊ वाटतात, नथीतले मोती एकमेकांत मिसळतात. मग शार्पनेसचा स्लायडर उजवीकडे ओढला जातो आणि डोळ्यांबरोबर गालावरचा प्रत्येक डाग, मागच्या भिंतीवरचा प्रत्येक कण उठून येतो. हे टाळायचं तर शार्पनिंग कधी करायचं आणि फोटोच्या कुठल्या भागावर करायचं, याकडे लक्ष द्यावं लागतं. मी इथे गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतोय. ते फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि या कामात कुठेही कमी पडत नाही.

सॉफ्टवेअर फोटोत नवा तपशील घालत नाही, हे आधी लक्षात घ्या. गडद आणि उजळ भाग जिथे एकमेकांना भिडतात, त्या कडेला ते गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ करतं. त्यामुळे डोळ्याला ती कड ठसठशीत वाटते. ही युक्ती फिल्मच्या जमान्यातली. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत निगेटिव्हला जोडून प्रिंट काढत. अनशार्प मास्क हा फिल्टर तेच गणिताने करतो: फोटोची धूसर प्रत बनवतो, ती मूळ फोटोतून वजा करतो आणि उरलेला फरक मूळ फोटोत मिसळतो. म्हणूनच फोकस चेहऱ्याऐवजी मागच्या भिंतीवर गेला असेल किंवा हात हलला असेल, तर हा फिल्टर तो फोटो वाचवू शकत नाही. लेन्स आणि सेन्सरमुळे आलेला किंवा आकार लहान करताना आलेला किंचित मऊपणा घालवायला मात्र तो उत्तम.

आता काम. मूळ फाइलला हात लावू नका, तिची कॉपी उघडा. आधी क्रॉप करा, मग कलर्स मेनूतल्या लेव्हल्स किंवा कर्व्ह्जने उजेड-अंधार ठीक करा. फोटो संध्याकाळच्या कमी उजेडातला असेल तर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, आत्ताच कमी करा. शार्प केल्यावर ते दाणेही टोकदार होतात आणि मग काही केल्या जात नाहीत. इथवरचं काम गिंपच्या एक्ससीएफ फॉरमॅटमध्ये सेव्ह करून ठेवा. उद्या दुसऱ्या आकाराची प्रत हवी झाली, तर इथूनच पुढे जाता येईल.

मग इमेज मेनूतल्या स्केल इमेजने फोटो त्याच्या शेवटच्या आकारात आणा. ही पायरी बरेच जण उलटी करतात: आधी शार्प, मग लहान. पण आकार लहान करताना पिक्सेल एकत्र केले जातात आणि आधीचं शार्पनिंग त्यात वाया जातं. 6 बाय 4 इंची प्रिंटला 300 पीपीआयने (दर इंचाला 300 पिक्सेल) 1800 बाय 1200 पिक्सेल लागतात. वेबसाइटसाठी लांब बाजू 1200 ठेवली तरी भागतं.

आता लेयर, म्हणजे फोटोचा थर, डुप्लिकेट करा आणि वरच्या लेयरचा मोड नॉर्मलऐवजी ल्युमिनन्स करा. मग फिल्टरचा परिणाम फक्त उजेडावर होतो, लुगड्याच्या काठाला रंगीत किनार येत नाही. कीबोर्डवर 1 दाबून फोटो 100 टक्क्यांवर पाहा. यापेक्षा लहान करून पाहिलात तर शार्पनिंगचा अंदाज हमखास चुकतो. फिल्टर्स, एन्हान्स, शार्पन (अनशार्प मास्क) असं जा.

इथे तीन आकडे आहेत. रेडियस म्हणजे कडेच्या दोन्ही बाजूंना किती पिक्सेलपर्यंत परिणाम पोचणार. गिंप तो आपणहून 3 ठेवतं. एवढ्या आकाराच्या फोटोला मला तो जास्त वाटतो, वेबसाठी 0.5 आणि प्रिंटसाठी 1 पुरे. अमाउंट म्हणजे जोर, तो 0.5 पासून हळूहळू वाढवा. थ्रेशोल्ड म्हणजे उजेडात किमान किती फरक असला तर शार्प करायचं, तो शून्यापासून अगदी किंचित वर नेला की गालासारखे सपाट भाग सुटतात. फोटोशॉपमध्ये हेच तीन आकडे आहेत, पण तिथे अमाउंट टक्क्यांत आणि थ्रेशोल्ड 0 ते 255 असतो, त्यामुळे इथले आकडे तिथे तसेच भरू नका.

स्प्लिट व्ह्यू चालू करा म्हणजे आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी दिसेल. नजर केसांच्या आणि पार्श्वभूमीच्या सीमेवर ठेवा. तिथे पांढरी रेघ उमटू लागली की जोर जास्त झाला. रेघ जाईपर्यंत अमाउंट मागे घ्या. मोबाइलचे फोटो तर कॅमेरा ॲपनेच एकदा शार्प केलेले असतात, त्यांना फार थोडं लागतं. प्रिंटसाठी मात्र पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकं ठेवलेलं चालतं, कारण कागदावर शाई थोडी पसरते.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वरच्या लेयरला काळा लेयर मास्क लावा. मास्क काळा असतो तिथे लेयर लपतो, पांढरा असतो तिथे दिसतो. सगळं शार्पनिंग गायब होईल. मऊ कडेचा ब्रश घ्या, रंग पांढरा, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) निम्मी, आणि जिथे हवं तिथेच रंगवा: बुबुळं, पापण्या, भुवया, नथीचे मोती, लुगड्याचा काठ. कपाळ, गाल आणि मागची भिंत सोडून द्या. सुरकुत्यांवर एखादा हलका हात फिरवला तर चेहरा जिवंत वाटतो, दोनदा फिरवला तर बाई आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारी दिसते. जास्त झालं तर काळ्या रंगाने पुसा.

शेवटी एक्स्पोर्ट ॲज वापरून जेपीईजी काढा, क्वालिटी 90 च्या आसपास ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे तो पुन्हा कॉम्प्रेस होतो. आणि प्रिंट लॅबमध्ये फाइल देताना ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. ते चालू राहिलं तर यंत्र आपल्या हिशेबाने फोटोत फेरफार करू शकतं, आणि त्यात पुन्हा शार्पनिंगही असू शकतं.