कृषी कॉलेजच्या सल्लागार समितीवर नाव आलंय? मग हे आधी वाचा

ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन येतेत, ताई मला अमुक कॉलेजने सल्लागार समितीवर घेतलंय, तिथं नेमकं करायचं काय असतंय. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय, लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

माझं थोडक्यात सांगते. बीएस्सी अ‍ॅग्री झाले, घरची शेती मोहोळ तालुक्यात, जिरायतच जास्त, आणि सोलापुरात आमचा कडक भाकरीचा छोटा उद्योग आहे, बायका भाकरी थापतात, आम्ही वाळवून पॅक करून पाठवतो. ज्वारी पिकवते पण आणि विकत पण घेते, त्यामुळं दोन्ही बाजू कळतात, म्हणूनच मला घेतलं असावं. आधी कृषी विज्ञान केंद्राच्या (केव्हीकेच्या) समितीवर होते, नंतर एका कॉलेजच्या.

पहिलं म्हणजे हे काम फुकटचं आहे हे डोक्यात फिट्ट करा. मानधन नाही. कुठं प्रवासभत्ता मिळतो, कुठं तोही नाही, चहा-बिस्किट, दुपारचं जेवण आणि शाल-श्रीफळ एवढं नक्की. घरचे विचारणार, दिवस घालवून काय मिळालं, तर त्याचं उत्तर पहिल्या वर्षी तरी तुमच्याकडं नसणार.

समित्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत, ते माहीत असलेलं बरं. केव्हीकेची शास्त्रीय सल्लागार समिती असते, त्यात विद्यापीठाचे, अटारीचे (केव्हीकेंवर देखरेख करणारी केंद्राची संस्था) शास्त्रज्ञ, कृषी खातं, पशुसंवर्धन, नाबार्ड, लीड बँक अशा खात्यांची माणसं आणि त्यांच्यासोबत शेतकरी, महिला शेतकरी प्रतिनिधी बसतात. कॉलेजची समिती वेगळी, तिथं माजी विद्यार्थी, उद्योगवाले, शेतकरी आणि विषय म्हणजे अभ्यासक्रम, प्लेसमेंट, फार्म. विद्यापीठाची कार्यकारी परिषद हे तिसरंच प्रकरण, ती १९८३ च्या कृषी विद्यापीठ कायद्यातून आलेली आहे, तिला अधिकार आहेत. आपल्याला नाहीत. आपण फक्त सुचवायचं. आपला जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतो, दहा जिल्ह्यांचा पसारा आहे त्यांचा, त्यामुळं इथल्या कॉलेजात तुम्ही कितीही जोरात बोललात तरी सिलॅबस इथं बदलत नाही, तो वरून येतो. माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत शिकली, ती सांगते तिकडं शेती आणि नैसर्गिक संसाधनं मिळून एकच कॉलेज असतंय बऱ्याच विद्यापीठांत, आणि त्यांचं सल्लागार मंडळ म्हणजे माजी विद्यार्थी, शेतकरी, कंपन्यांचे लोक, सगळे बिनपगारी, पण ते नुसता सल्ला देत नाहीत, स्कॉलरशिपसाठी देणग्या पण जमवतात. तिकडं ही पद्धत जुनी आहे, १८६२ च्या मोरिल कायद्याने जमिनी देऊन कॉलेजं काढली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ती गावोगावच्या विस्ताराला जोडली. आपल्याकडं समितीकडून देणगीची अपेक्षा नसते, वेळेवर या एवढीच असते, आणि तीही पूर्ण होत नाही हे वेगळं सांगायला नको.

आता बैठक. अकराची असली की साडेअकराला सुरू होते, दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक यात पाऊण तास जातो, मग पीपीटी. मागच्या इतिवृत्ताला मंजुरी, मागच्या शिफारशींवर काय केलं त्याचा कार्यवाही अहवाल, वर्षभराची प्रगती, पुढच्या वर्षाचा आराखडा. स्लाइडवर ओएफटी, एफएलडी असले शब्द भराभर जातेत, नवीन माणूस तिथंच गळपटतो. सोपं आहे, ओएफटी म्हणजे एखादं तंत्रज्ञान आपल्या भागात चालतंय का ते शेतकऱ्याच्याच रानात तपासायचं, एफएलडी म्हणजे जे चालतंय हे आधीच सिद्ध झालंय ते दाखवायचं. तुमचा शब्द कामाचा आहे तो ओएफटीत, कारण तिथं अजून प्रश्न उघडा असतो. एफएलडीत जाऊन बियाणं बदला म्हणालात तर हसतील नाहीतर मान हलवून पुढं जातील.

बहुतेक नवे सदस्य माइक हातात आला की भाव, वीज आणि पाणी यावर बोलतेत. दुखणं खरंच आहे, मी नाही म्हणत नाही, पण त्या हॉलमध्ये बसलेल्या कुणाच्याच हातात ते नसतंय. मालदांडीचा, म्हणजे आपल्या जुन्या रब्बी ज्वारीच्या वाणाचा, हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ३४२१ रुपये होता, तो दिल्लीत ठरतो, प्राचार्यांना सुनावून त्यात रुपया वाढत नाही. तसंच उजनी. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली गेलं की बैठकीत निम्मा वेळ त्यावरच जातो, सगळे तावातावाने बोलतात, आणि जेवायची वेळ होते. तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येणार, ती तिथल्या माणसांना जे करता येतंय त्यावरच खर्च करा.

ते कसं, तर आमचंच उदाहरण देते. रब्बी ज्वारीत विद्यापीठाने जमिनीप्रमाणे वाण दिलेत, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, फुले यशोदा वगैरे. चाचण्यांच्या स्लाइडवर हेक्टरी धान्य किती, कडबा किती, एवढे दोन आकडे असतात, आणि मालदांडीपेक्षा ते बरेच बरे दिसतात. मग शास्त्रज्ञांना कोडं पडतं की शेतकरी अजून मालदांडीच का धरून बसलाय, मोहोळच्या केंद्रात निवड होऊन आलेलं ते वाण, त्याला आता नव्वद वर्षं होत आली. बैठकीत कुणीतरी म्हणालं, शेतकरी बदलायला तयार नाहीत. मला राहवेना. मी पुढच्या बैठकीला ज्वारी घेऊन गेले, एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांची, दोन वेगळे वाण, सोबत त्याच पिठाच्या भाकरी, आणि आमच्याकडं थापायला येणाऱ्या मावशींना पण नेलं. त्यांनी टेबलावर कागद पसरून भाकरी ठेवल्या आणि कडा दाखवल्या, एकीची कड सलग, दुसरीची कड जागोजाग चिरलेली. म्हणाल्या, "सायेब, ही थापताना फाटतीया, आन् वाळल्यावर हात लावला की तुकडं. डब्यात बसंल का?" तिथं वीस-बावीस माणसं होती, सगळी उठून टेबलाशी आली.

मावशींनी जे सांगितलं ते कुठल्या स्लाइडवर नव्हतं. पीठ किती पाणी धरतं, कोमट पाण्यात मळल्यावर किती वेळ टिकतं, चार महिने कणगीत राहिलेली ज्वारी विरी जाते का, म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो का, अवकाळीत भिजून काळपट झालेल्या दाण्याचे ठिपके भाकरीत किती दिसतात. आमच्या धंद्यात पॅकिंगला जितक्या भाकरी मोडतात तितका तोटा, त्यामुळं क्विंटलमागं दोन पैसे जास्त देऊन पण आम्ही थापायला चांगली ज्वारीच घेतो, आणि शेतकऱ्याला हे ठाऊक असतं म्हणून तो मालदांडी सोडत नाही. आडमुठेपणा कुठला, हिशोब आहे. नव्या वाणांत पण काही फार छान थापली जातात, पण ते कळणार कसं, कुणी थापूनच बघितलं नाही. तर त्या दिवशी ठरलं की पुढच्या चाचणीत भाकरीची प्रत हा तिसरा कॉलम घालायचा आणि ती गावातल्या बायकांकडून बघून घ्यायची.

ठरलं म्हणजे झालं असं नाही, आणि मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच. बोललेलं हवेत जातं, इतिवृत्तात आलेलं राहतं. अधिकार शून्य असलेल्या माणसाच्या हातात तेवढं एकच हत्यार आहे. इतिवृत्त बहुतेक वेळा एखादा ज्युनियर माणूस घाईत लिहितो आणि तुमचा मुद्दा "सदस्यांनी ज्वारीच्या गुणवत्तेबाबत मौलिक मार्गदर्शन केले" असा होऊन बसतो. मौलिक मार्गदर्शन लिहिलं की समजायचं, विषय संपला. म्हणून मी आता माझा मुद्दा घरूनच एका वाक्यात लिहून नेते, त्यात काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत हे तिन्ही असतं, आणि बैठक संपली की तो कागद लिहिणाऱ्याच्या हातात देते. त्याला पण बरं वाटतं, टाइप करायचं वाचतं. पुढच्या बैठकीत कार्यवाही अहवालात ते वाक्य येतंच, आणि समोर "प्रगतिपथावर" लिहिलं असेल तर शांतपणे विचारायचं, कुठपर्यंत आलंय. भांडायचं नाही. दरवेळी विचारायचं मात्र.

एका ठिकाणी मात्र (नाव नको) मागच्या वर्षीचं इतिवृत्त तारीख बदलून तसंच छापलेलं होतं, जो सदस्य वारला होता त्याची पण उपस्थिती लावलेली. तिथं मी परत गेले नाही. सगळ्याच समित्या जिवंत नसतात, काही नुसत्या तपासणीच्या फायलीसाठी असतात, एक-दोन बैठकीत कळून येतं, तिथं दिवस घालवू नका.

कॉलेजच्या समितीवर असाल तर पोरांचा विषय येणारच. रावेच्या (शेवटच्या वर्षी गावात राहून कामाचा अनुभव घ्यायचा कार्यक्रम) पोरांना, म्हणजे कृषिदूत-कृषिकन्यांना, तुम्ही गावात बघितलंच असेल, रांगोळीने गावाचा नकाशा काढतेत, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक करतेत, बॅनर धरून फोटो, पेपरात बातमी. त्यांना नावं ठेवू नका, वीस-एकवीस वर्षांची पोरं आहेत आणि वेळापत्रक त्यांच्या हातात नाही. माझा मुद्दा वेगळा होता. सातवं सेमिस्टर पावसाळ्यात सुरू होतं, पोरं सोयाबीन-तुरीवर सगळं करून घेतात, आणि आपला जिल्हा रब्बीचा. ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, आणि पेरणीच्या आधीचं खरं काम, उताराला आडवी मशागत, सारे पाडून पाणी जिरवणं, ते तर पावसाळ्यातच करायचं असतंय. म्हणजे पोरं गावात असतातच, फक्त त्यांच्या यादीत ते नसतं. आम्ही सुचवलं की यादीत ते घाला, आणि बीजप्रक्रिया घ्यायची तर ज्वारीची घ्या, किलोला चार ग्रॅम ३०० मेश गंधक, काणी रोगासाठी, स्वस्तात होतं आणि शेतकऱ्याच्या लगेच उपयोगाला येतं. हे झालं, कारण त्याला वरून मंजुरी लागत नव्हती. असे मुद्दे शोधा, स्थानिक पातळीवर सही होऊन जाणारे.

शास्त्रज्ञ पण ऐकणारे असतात हो, उगाच आधीच पूर्वग्रह करून जाऊ नका. सोलापुरात कोरडवाहू संशोधन १९३३ पासून चालू आहे, सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सप्टेंबरात एकदम, यावर त्या लोकांनी आयुष्य घातलंय. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपायचं म्हणजे भेगा बुजून ओल टिकते, हे तिथूनच आलंय आणि माझे सासरे अजून तेच करतात. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं तेल्या रोगाचं फळ घेऊन गेलात तर नीट बघून सांगतात. फक्त फळ ताजं न्या, फांदीसकट, आणि बहार कुठला धरलाय, छाटणी कधी केली, फवारण्या कुठल्या, हे लिहून न्या. "बागेला रोग पडलाय" एवढ्यावर जगातला कुठलाच शास्त्रज्ञ काही सांगू शकत नाही.

नैसर्गिक संसाधनांचं मात्र आपल्याकडं सगळ्यात दुबळं खातं आहे. माती परीक्षण आणि शेततळं याच्या पुढं चर्चा जात नाही. नान्नजला १९७९ पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, आसपासची माळरानं म्हणजे मेंढरांची चराई, लांडगे, काळवीट, सगळं त्यावर, आणि कॉलेजच्या स्लाइडवर तेच माळ "पडीक क्षेत्र" म्हणून येतं. माझ्या बघण्यातल्या एकाही समितीवर मेंढपाळ नव्हता. डाळिंबवाले, ऊसवाले, दूधवाले सगळे असतेत. हे मी बोलून बघितलं, "विचार करू" असं उत्तर आलं, अजून चालूच आहे विचार.

बाकी किरकोळ. तुमचं औषध-बियाण्याचं दुकान असेल तर ते पहिल्याच बैठकीत सांगून टाका आणि त्या मालाचा विषय निघाला की गप्प बसा, नाहीतर नंतरच्या सगळ्या बोलण्याला वास येतो. ओळखीच्या पोराच्या अ‍ॅडमिशनसाठी, बदलीसाठी लोक तुम्हाला गाठणार, नाही म्हणायची सवय लावा. बायकांनो, तुम्हाला बचत गट आणि पापड-लोणच्याचा विषय आला की हमखास बोलायला लावतील, बोला त्यावर, पण काढणीवर पण बोला. रब्बी ज्वारी उपटून काढायला मजूर मिळत नाही म्हणून पेरा घटतोय, आणि ते उपटणारे हात बहुतेक बायकांचेच आहेत, तर काढणी यंत्राची चाचणी त्यांना सोबत घेऊन करा, हे तिथं कुणीतरी म्हणायला पाहिजे. आणि ज्येष्ठ सदस्य फार लांबवायला लागले तर अध्यक्षांना चिठ्ठी पाठवायची, मधेच तोडायचं नाही, आपल्याकडं ते बरं दिसत नाही.

समितीवर घ्या म्हणून कुणाच्या मागं लागायची गरज नसते. केव्हीकेच्या कार्यक्रमांना जात राहा, एखादी चाचणी आपल्या रानात घ्या आणि तिच्या नोंदी नीट ठेवा, पेरणीची तारीख, पाऊस, खर्च, उतारा. नोंदी ठेवणारा शेतकरी त्यांना पण हवाच असतो, कारण तसे कमी मिळतात. पत्र आलं की आधी मागच्या दोन बैठकांची इतिवृत्तं मागवा, देतात, आणि ईमेलवर मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलेलं वाचता पण येत नाही आणि नंतर सापडत पण नाही.