नेपाळला शिकवायला निघालाय? आधी विचारा, धडा कितवा चाललाय

फॉर्म, फी, कॉलेजचं पत्र हे तुम्ही शोधून काढलं असेलच, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते माहितीपत्रकात नसतं. तुमच्या आधी त्या वर्गात कोण येऊन गेलं, आणि ते काय शिकवून गेले?

स्वयंसेवक म्हणून आम्ही नेपाळमधल्या ज्या शाळेत गेलो, तिथे पहिल्याच तासाला आम्ही शरीराच्या अवयवांचं इंग्रजी गाणं घेतलं. मुलं आमच्या पुढे धावत ते म्हणून मोकळी झाली. आम्ही खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी हिंदीत म्हणाली, "मिस, हे झालंय. रंगांचंपण झालंय." स्वयंसेवकांची प्रत्येक तुकडी तेच घेऊन येत होती. थोड्या आठवड्यांत तेवढंच जमतं, आणि फोटोही झकास येतात. त्याच मुलांपुढे पुस्तक उघडलं तर दोन ओळी वाचताना दम लागत होता. ज्या बाईंचा तो तास होता त्या व्हरांड्यात बसून. आम्ही गेल्यावर मागे पडलेला अभ्यासक्रम त्यांनीच ओढायचा.

म्हणून होकार कळवायच्या आधी संस्थेला मेल टाका. स्वयंसेवक नसतात तेव्हा हा तास कोण घेतं, पुस्तकातला कितवा धडा चाललाय, मागच्या तुकडीने काय शिकवलं त्याची वही आहे का. "वही वगैरे नसते, तुम्ही या तर खरं" असं उत्तर आलं तर सरळ नकार द्या. खरंच सांगतो, नकार द्या. तिथे गेल्यावर अख्खा वर्ग ताब्यात घेऊ नका. बाईंना त्यांचा तास घेऊ द्या आणि वाचनात मागे असलेली चार-पाच मुलं घेऊन कोपऱ्यात बसा. रोज कोण कुठवर आलं ते लिहा आणि निघताना ती वही बाईंच्या हातात द्या. संस्थेच्या ऑफिसात नाही, तिथे ती कपाटात जाते.

आणि अनाथाश्रमात शिकवायचं असेल तर जाऊच नका. अशा ठिकाणच्या पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं तिथे ठेवली जातात, असे प्रकार नेपाळमध्ये उघड झालेत.

कॉलेजमधले सीनियर म्हणतील, "होतंय की भावा, जाऊन बघ." त्यांचं सर्टिफिकेट बघा, पण सल्ला घेऊ नका. सराव करायचा तर गळीत हंगामात आपल्याकडच्या साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेत जा. एकाच खोलीत सगळ्या वयाची मुलं, निम्म्यांची शाळा मध्येच सुटलेली. तिथे महिनाभर टिकलात तर नेपाळ जड जाणार नाही. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. नेपाळीची लिपी देवनागरीच आहे, फळ्यावरचं पहिल्या दिवसापासून वाचता येतं. उच्चारांना मुलं हसतील, हसू द्या.

संस्कृतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही स्लाइड नेल्या होत्या. शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम, खासबाग मैदान, अंबाबाईचं देऊळ. मुलांनी शहाण्यासारखं पाहिलं आणि विसरून गेली. मग मैदानात विटीदांडू काढला, तर तो त्यांच्याकडेही आहे! डंडी बियो. २०१७ मध्ये व्हॉलीबॉल राष्ट्रीय खेळ जाहीर झाला, तोवर तिकडे यालाच तो मान होता. नियमांवरून अशी भांडणं झाली की शिट्टी फुंकून दमलो. मुलींना झिम्मा शिकवला, सामान शून्य. लेझीम नेऊ नका, बॅगेचं वजन वाढतं.

आता कागद. व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. आपल्या वयाला आधार चालत नाही. अठरा पूर्ण झाली आणि मतदार कार्ड काढलं नसेल तर आजच अर्ज टाका. आपला एक रुपया म्हणजे तिथले १.६०, दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा जास्त ठेवा. शनिवारी सुट्टी असते, आणि दसऱ्याच्या सुमारास दशैं या सणासाठी शाळा बरेच दिवस बंद राहतात, त्या तारखा विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.