फोन एकाच वेळी वाय-फाय आणि मोबाइल नेटवर्कवर कसा ठेवावा

वाय-फायची रेंज संपत आली तरी फोन त्यालाच चिकटून बसतो आणि चालू व्हिडिओ कॉल गोठतो. दुसरी वाट आधीच खुली ठेवली, तर हे बरंच टाळता येतं.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर पर्याय खुले होतील. त्यात मोबाइल डेटा नेहमी सक्रिय ठेवण्याचा पर्याय शोधा आणि चालू करा. काही फोनवर तो आधीच चालू असतो. आता वाय-फाय असतानाही मोबाइल नेटवर्क जागं राहील आणि बदल चटकन होईल. बॅटरी थोडी जास्त लागेल. बाकीच्या डेव्हलपर पर्यायांना मात्र हात लावू नका.

आयफोनवर मोबाइल डेटाच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी वाय-फाय असिस्ट आहे. तुमचा डेटा प्लॅन मर्यादित असेल, तर ते चालू ठेवण्याआधी विचार करा, कारण वाय-फाय कमकुवत झालं की ते न विचारता मोबाइल डेटा वापरतं.

मग चाचणी घ्या. व्हिडिओ कॉल लावा आणि बोलता बोलता वाय-फायपासून दूर चालत जा. क्षणभर अडखळून कॉल सुरू राहिला, तर काम झालं.

आता वेगाबद्दल. दोन्ही जोडण्या चालू असल्या म्हणून वेगाची बेरीज होत नाही. एरवी ॲप आणि सर्व्हर यांच्यातली एक जोडणी एकाच वाटेने जाते. ती दोन वाटांवर पसरायची तर मल्टिपाथ टीसीपीसारखी व्यवस्था लागते, आणि ती फोनइतकीच पलीकडच्या सर्व्हरलाही यावी लागते. ॲपलने 2013 मध्ये आपल्या सिरी या व्हॉइस असिस्टंटसाठी ती वापरली, तेव्हा दोन्ही टोकं त्यांच्याच हातात होती. फाइव्ह-जीच्या मानकांत रिलीज 16 या आवृत्तीपासून हेच काम मोबाइल कंपनीच्या नेटवर्ककडे देण्याची सोय आहे: कोणता डेटा वाय-फायने पाठवायचा, कोणता टॉवरवरून, आणि कधी दोन्हींत वाटायचा, हे तिथे ठरवता येतं. मला हाच मार्ग जास्त योग्य वाटतो, कारण त्यात प्रत्येक सर्व्हर बदलावा लागत नाही. पण त्यासाठी फोन आणि कंपनी दोघांचा पाठिंबा हवा. सेटिंग्जमधलं एखादं बटण दाबून ते होणार नाही.

तसं पाहिलं तर फोर-जीच्या आधाराने चालणाऱ्या फाइव्ह-जी नेटवर्कवर तुमचा फोन आजही दोन्ही नेटवर्कशी एकदम जोडलेला असतो. तिथे नेटवर्क मोडमध्ये ‘फक्त फाइव्ह-जी’ निवडलंत, तर फोर-जीचा तो आधार निघून जातो आणि जोडणीच तुटू शकते. म्हणून तो मोड ऑटोवरच ठेवा.