धुऱ्यावरच्या आणि रानातल्या झाडांचे बुरशीजन्य रोग : या चुका टाळा

कपाशीवरचा दहिया किंवा संत्र्याचा डिंक्या विदर्भातला शेतकरी लांबूनच ओळखतो. परंतु धुऱ्यावरचा म्हणजे बांधावरचा साग, वावराच्या कडेचा कडुनिंब किंवा गावरानातला खैर वाळू लागला की निदान आणि उपाय दोन्ही अंदाजाने चालतात. हंगामी पिकाचा रोग बहुधा हंगामाबरोबर संपतो, झाडातली बुरशी मात्र खोडात किंवा मुळांत वर्षानुवर्षे वाढत राहते. बहुतेक चुका होतात त्या पान पाहून निर्णय घेतल्यामुळे. बुंधा आणि मुळे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

सागाच्या प्रत्येक खराब पानाला बुरशी समजणे

पोळ्याच्या आगेमागे सागाची पाने नुसत्या शिरांची जाळी होऊन तपकिरी पडतात आणि लांबून सगळे रान करपल्यासारखे दिसते. हे काम बुरशीचे नाही, पानांची जाळी करणाऱ्या अळीचे आहे, त्यामुळे त्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. खरा तांबेरा, म्हणजे पानांवर गंजासारखी भुकटी आणणारा बुरशीचा रोग, साधारणपणे पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत दिसतो. अशा वेळी पान उलटे करून खालच्या बाजूवर बोट फिरवावे : बोटाला नारिंगी-पिवळी भुकटी लागली तर तो तांबेरा, भुकटी नसेल, केवळ शिरा उरल्या असतील आणि अळीची विष्ठा दिसत असेल तर ती अळी. पानाच्या वरच्या अंगावर पांढरट थर असेल तर ती भुरी समजावी.

मोठ्या सागाला तांबेऱ्यासाठी फवारणीची गरज नसते, कारण त्याची पाने उन्हाळ्यापर्यंत तशीही गळणारच असतात आणि पावसाबरोबर नवी पालवी येते. तांबेरा खरा नडतो तो रोपवाटिकेत आणि पहिल्या दोन-तीन वर्षांच्या रोपांवर. तिथे गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत, रोपांची दाटी कमी करावी आणि संध्याकाळी पानांवरून पाणी देणे थांबवावे.

शेंडे वाळलेला कडुनिंब लगेच तोडणे

2021 साली शेजारच्या तेलंगणात कडुनिंबाची झाडे मोठ्या प्रमाणावर शेंड्याकडून वाळताना दिसली. फोमॉप्सिस नावाच्या बुरशीने होणाऱ्या या रोगात पावसाळ्यात कोवळ्या फांद्यांची टोके तपकिरी पडतात, वाळणे खाली सरकत जाते आणि पावसाळा संपता संपता झाड मेल्यासारखे वाटू लागते. ढेकण्या किडीच्या डंखांनी आधीच सुकलेल्या शेंड्यांमुळे नुकसान आणखी वाढते. मात्र यातली बरीच झाडे पुढच्या पालवीला पुन्हा फुटतात, म्हणून तोडण्याची घाई करण्याआधी फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे.

लहान झाडाच्या रोगट फांद्या वाळलेल्या भागाच्या वीतभर खाली, निरोगी लाकडात कापाव्यात आणि जाळून टाकाव्यात. अशा झाडाच्या निंबोळ्या रोपांसाठी वापरू नयेत, कारण ही बुरशी बियांतूनही पसरते.

बुंध्यावरची छत्री काढली की रोग गेला, असे मानणे

ही चूक सर्वांत महाग पडते. पावसाळ्यात खैराच्या किंवा शिसूच्या बुंध्याला लागून लाकडासारखी टणक, तांबूस-तपकिरी, चकाकती छत्री उगवली तर ती गॅनोडर्मा या बुरशीची असू शकते. छत्री हे केवळ तिचे फळ असते; खरी बुरशी मुळांत पसरलेली असते आणि एका झाडाची मुळे दुसऱ्याच्या मुळांना जिथे भिडतात तिथून ती पुढे सरकते. म्हणूनच एकाच ओळीतली झाडे एकामागून एक वाळतात. दोष मात्र बहुधा वाळवीवर येतो, जी पुष्कळदा मेलेल्या लाकडाचा वास घेत मागाहून आलेली असते.

अशा वेळी रोगट झाडाचे खोड, खुंट आणि हाती लागतील तेवढी जाड मुळे काढून टाकावी लागतात, आणि रोगट व निरोगी झाडांच्या मध्ये दोन-अडीच फूट खोल चर खणून मुळांचा संबंध तोडावा लागतो. चराची माती रोगट झाडाच्या बाजूलाच टाकावी. शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी देणे चांगले, परंतु त्याचा उपयोग निरोगी मुळांच्या रक्षणासाठी आहे. कुजलेले मूळ त्याने परत येत नाही. शिसूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत त्याला फ्युजेरियम बुरशीने मर लागते, तेव्हा अशा जागी शिसू लावूच नये.

जखमा उघड्या ठेवणे

मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची आणि उन्हाळ्यात धुरे जाळण्याची रीत जुनी आहे. त्या आगीने बुंध्याची साल एका बाजूने भाजते, पुढे तडकते आणि त्या फटीतून लाकूड कुजवणाऱ्या बुरशींना वाट मिळते. झाड बाहेरून हिरवे राहते आणि आतून पोकळ होत जाते. पाला झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जुनी नेट अंथरणे हा पर्याय कष्टाचा असला तरी झाड वाचवणारा आहे. बकऱ्यांच्या चाऱ्यासाठी कुऱ्हाडीने फांद्या ओरबाडण्यापेक्षा करवतीने, बुंध्याजवळून स्वच्छ काप घ्यावा.

कापावर बोर्डो मलम लावावे. वरुड-मोर्शीच्या संत्राबागायतदारांना ते परिचयाचेच आहे : एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत पाच-पाच लीटर पाण्यात विरघळवावा आणि थंड झाल्यावर दोन्ही एकत्र करून ढवळावे. त्यात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून पाहावा; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो थोडा वाढवावा.

नमुना आणि परवानगी

पूर्ण वाळलेली काडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तपासणीला नेली तर तिच्यावर भलत्याच बुरशी वाढतात आणि मूळ रोगाचा माग लागत नाही. जिथे वाळलेला आणि जिवंत भाग भेटतो तिथला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून, शक्य तो त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात द्यावा. जंगली झाडांच्या रोगांवर जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत काम चालते.

रोगट असले तरी साग, खैर, मोह यांसारखी झाडे स्वतःच्या वावरातूनही विनापरवाना तोडता येत नाहीत. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्जासोबत बुंध्याचे आणि छत्रीचे फोटो जोडावेत आणि पाहणी होईपर्यंत खुंटाजवळची माती हलवू नये, कारण रोगाचा पुरावा तिथेच असतो.