मोर्गोंची बाटली उघडताना या चुका टाळा

फ्रान्सच्या बोजोले भागातल्या विलिए-मोर्गों गावाभोवती कुटुंबाच्या मालकीच्या अनेक लहान द्राक्षबागा आहेत. गामे द्राक्षापासून तिथे होणारी रेड वाइन म्हणजे मोर्गों. आपल्याकडे ती कोणी आणली, की पहिल्या घोटाला ‘आंबट आहे’ किंवा ‘उग्र लागते’ असं ऐकू येतं. बहुतेक वेळा दोष वाइनचा नसतो.

तापमान

रेड वाइन घरातल्याच तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशातल्या घरांसाठी ठीक आहे. पुण्यात एप्रिलमध्ये घरातलं तापमान ३२ अंश असतं. तेवढ्या गरम वाइनमधून आधी नाकात जातं ते अल्कोहोल, फळांचा वास मागे राहतो. मोर्गों १३ ते १५ अंशांना उत्तम लागते. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं पुरतात. पाणी न घालता नुसत्या बर्फाच्या खड्यांत मात्र ती हळू गार होते. फार गार झालीच तर ग्लास तळहातात धरून थोडं थांबा.

लेबल

द्राक्षाचं नाव लेबलवर बहुधा नसतंच, ‘बोजोले’ हा शब्दही अनेकदा नसतो. त्यामुळे दोन उलट चुका होतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी बोजोले नुव्हो, म्हणजे त्याच वर्षीची ताजी वाइन, काही महिन्यांत संपवायची असते, ती लोक जपून ठेवतात. मोर्गोंमधल्या कोत द्यु पी टेकडीवरची चांगल्या सालातली वाइन सहज पाच-सात वर्षं टिकते, ती घाईने उघडतात. ‘व्हिए व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, हे शब्द पाहून जास्त पैसे मोजू नका. किती वर्षांची वेल जुनी, हे फ्रेंच कायद्याने ठरवलेलं नाही. त्यापेक्षा बाटली ‘ओ दोमेन’, म्हणजे बागेतच, भरली आहे का ते पाहा. ‘आ ला प्रोप्रिएते’ असं असेल तर ती सहकारी संस्थेतही भरलेली असू शकते.

वास आणि फेस

इथे घाईने बाटली ओतून देणारे पुष्कळ. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर ती खरंच गेली: बुचातल्या टीसीए या रसायनाने बिघडवली, त्यावर इलाज नाही. विक्रेत्याकडे परत न्या. पेटवलेल्या काडीसारखा वास मात्र गंधकाच्या संयुगांचा असतो. वाइन जगमध्ये ओतून हलवा, थोड्या वेळात तो बहुधा उडतो. जिभेवर हलका फेस जाणवला तर तेच करा. तो बहुतेकदा उरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. बुचाला चिकटलेले खडे टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, निरुपद्रवी. तळाचा गाळही तसाच. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा आणि शेवटचा घोट ग्लासात ओतू नका.

उन्हाळा

मोर्गोंमध्ये वाइन व्यापारी आणि रसायनतज्ज्ञ ज्यूल शोव्हे यांच्या विचारांना मानून मार्सेल लापिएर यांनी अगदी कमी सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते गंधकाचं संयुग) घातलेली वाइन करायला सुरुवात केली. लापिएर २०१० मध्ये वारले. बाग आता त्यांची मुलं सांभाळतात. अशी वाइन चवीला सुंदर, पण गरमीला हळवी. विमानतळावरून घरी येताना गाडीच्या डिकीत राहिलेली किंवा फ्रिजच्या वर ठेवलेली बाटली शिजून निघते. बूच वर सरकलंय, गळ्यावर चिकट ओघळ आहे, असं दिसलं तर विकतच घेऊ नका.

जेवण

तिखटाने अल्कोहोलची आग आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. मोर्गोंसाठी द्राक्षं बहुधा अख्ख्या घडांसकट टाकीत आंबवतात, त्यामुळे तुरटपणा मुळात कमी असतो. बेताच्या तिखटाचं सुकं मटण, मशरूम, भाजलेली कोंबडी छान जमतात. तांबड्या रश्शाशेजारी ही बाटली ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरलेली वाइन बूच लावून, उभी, फ्रिजमध्ये ठेवा. साधी असेल तर दोन-तीन दिवस चालते, कमी सल्फाइटची दुसऱ्या दिवशीच संपवा.