गूगल वापरताना लोक करतात त्याच त्या चुका. या चुका टाळा

नागपुरात कॉम्प्युटर क्लास चालवताना माझा बराच वेळ शिकवण्यापेक्षा लोकांची अडकलेली गूगल अकाउंटं सोडवण्यात जातो. समोरचा नागपूरच्या महाल भागातला व्यापारी असो की हिंगण्याच्या कॉलेजातला पोरगा, तक्रारी त्याच. बहुतेक वेळा गूगल बिघडलेलं नसतं. स्क्रीनवर दोन ओळींची सूचना आलेली असते आणि ती न वाचता 'ओके' दाबलेलं असतं.

फोटो 'क्लाउडवर आहेत' म्हणून उडवणे

फोनमध्ये जागा नाही असा मेसेज आला की लोक गूगल फोटोज उघडतात, सगळं सिलेक्ट करतात आणि डिलीट मारतात. समजूत अशी की फोनमधले जातील, क्लाउडवरचे, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवरचे, राहतील. तसं होत नाही. बॅकअप झालेला, म्हणजे क्लाउडवर प्रत गेलेला फोटो या ॲपमधून डिलीट केला की फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. त्या दोन वेगळ्या ट्रंका नाहीत, एकाच खोलीची दोन दारं आहेत. बॅकअप असलेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस थांबतो, नसलेला 30 दिवस. त्यानंतर विषय संपला.

नंदनवनच्या एक ताई ब्लाउजवर आरी वर्क करतात. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक ब्लाउज खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढायच्या. तोच त्यांचा कॅटलॉग, वर्षानुवर्षांचा. लग्नसराईच्या तोंडावर फोन अडकायला लागला आणि भाच्याने मदत केली. गूगल फोटोजमधून सगळं उडवलं, वर ट्रॅशही रिकामा केला, कारण कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलं होतं. माझ्याकडे आले तेव्हा तो म्हणतो, "सर, फोन हँग होऊन राहिला होता ना, म्हणून उडवले. क्लाउडवर तर असतीलच." नव्हते. कॉम्प्युटरवर लॉगिन केलं, ट्रॅश पाहिला, ड्राइव्ह पाहिलं, काही नाही. शेवटी ताईंनी जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर मेसेज केले आणि ज्यांच्याकडे फोटो शिल्लक होते त्यांनी परत पाठवले. पण व्हॉट्सॲपवर आलेले फोटो दाबून लहान झालेले. बाहीवरचा मोर ओळखू येत होता, त्याच्या पिसाऱ्यातला टाका दिसत नव्हता. आणि आरीचं काम टाका बघूनच विकलं जातं.

फक्त फोनमधली जागा हवी असेल तर त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' आहे. ते बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत तेवढी काढतं. माझी सवय अशी की ते दाबण्याआधी कॉम्प्युटरवर गूगल फोटोज उघडायचं. कालचा एक फोटो, मागच्या दिवाळीतला एक, आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघायचा. ज्याला एवढा वेळ नाही त्याने डिलीटला हात लावू नये. ज्या फोटोंवर पोट आहे त्यांची एक प्रत हार्डडिस्कवर असलीच पाहिजे. आणि तीस सेकंदांच्या व्हिडिओवर विश्वास ठेवून दुसऱ्याच्या फोनमध्ये हात घालणाऱ्या पोरांचा मला मनापासून राग येतो.

दुकानात काढलेलं अकाउंट

नवा फोन घेतला की दुकानातला मुलगा झटपट ईमेल काढून देतो. पासवर्ड त्याला सुचेल तो, रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर ज्यावर कोड येतो तो, हाताशी असेल तो. फोन चालू आहे तोवर कोणाचं काही अडत नाही, कारण लॉगिन कायम असतं. फोन सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत हरवला की मग कळतं की आपल्या अकाउंटची किल्ली आपल्याकडे कधी नव्हतीच.

उमरेडचा एक मुलगा ऐन इंजिनिअरिंग प्रवेशाच्या दिवसांत असाच आला. फोन गेलेला, पासवर्ड माहीत नाही, रिकव्हरीला वडिलांचं जुनं सिम. ते रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडलेलं. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते आणि इथे तसंच झालं होतं. कोड कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जात होता. मुलाने रात्रभर अंदाजाने पासवर्ड टाकून पाहिले होते. असं करू नका. ज्या कॉम्प्युटरवरून, ज्या वायफायवरून पूर्वी लॉगिन होत होतं तिथूनच शांतपणे प्रयत्न करा, त्याने ओळख पटण्याची शक्यता वाढते. त्याच्याकडे तसं काहीच नव्हतं. अकाउंट गेलं ते गेलं. प्रवेशाच्या अर्जावरचा ईमेल बदलायला त्याला आणि त्याच्या बाबांना सुविधा केंद्राच्या चकरा माराव्या लागल्या, तेही मेरिट लिस्ट लागायच्या तोंडावर.

आज घरी गेल्यावर सेटिंगमध्ये रिकव्हरी नंबर बघा. सिम बदललं की आधी तो बदला, मग बाकी सगळं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, चालू करून बॅकअप कोड काढा. दहा कोड मिळतात, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. मी ते कागदावर लिहून आधार-पॅनच्या फाइलीत ठेवायला लावतो. फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, फोनच गेला तर? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं अकाउंट अधूनमधून उघडत जा. दोन वर्षं वापर झाला नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं.

'सर, मेल येणंच बंद झालं'

गूगल अकाउंटची जागा भरली आहे. मेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून फुकटचे 15 जीबी. 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच जातो. रोजचे गुड मॉर्निंग व्हिडिओ बॅकअपमध्ये कशाला ठेवता?

गूगल शीटची लिंक सगळ्यांना, 'एडिटर' म्हणून

मनीष नगरातल्या एका सोसायटीने मेंटेनन्सचा हिशोब अशाच लिंकवर ठेवला होता. कोणीतरी नावांचा रकाना तेवढा निवडून सॉर्ट केला, म्हणजे क्रमाने लावला. नावं सरकली, रकमा जागेवर राहिल्या, आणि वेळेवर पैसे भरणाऱ्या काकूंच्या नावापुढे दुसऱ्याची थकबाकी. भर मीटिंगमध्ये त्यांना बोलणी खावी लागली. फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्टरीतून आदल्या दिवशीची शीट परत आणली, पण काकूंना झालेला मनस्ताप परत घेता येत नाही. सगळ्यांना 'व्ह्यूअर' ठेवा, म्हणजे फक्त बघता येईल, बदलता येणार नाही. हिशोब लिहिणारे एक-दोघेच 'एडिटर'.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधणे

बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो लावा. सर्चमध्ये वर दिसणारा नंबर भामट्याचाही असू शकतो. समोरच्याने स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, संध्याकाळी घरच्यांना विचारून नव्हे.

परीक्षेचं वेळापत्रकही सर्चच्या वर आलेल्या एआयच्या उत्तरात वाचू नका, विद्यापीठाची साइट उघडा.

मॅप्स

वर्धा रोडवर अजनीपासून विमानतळाकडे खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. तुम्ही पुलावर आहात की खाली, हे फोनला दरवेळी नीट कळत नाही. कुठे उतरायचं ते पूल चढण्याआधी बघून ठेवा, वर गेल्यावर ब्रेक मारून फोन चाचपू नका. मेळघाटला जाणार असाल तर नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्या. परतवाडा मागे पडून घाट लागला की रेंज जाते, तिथे डाउनलोडचं बटण दाबून काही उतरत नाही.