फिलिपिनो कॉमिक्सचे संग्रहालय खान्देशात उभारायचे असेल तर

कॉमिक्सचे संग्रहालय म्हटले की दारात फायबरचा उडता वीर, त्याच्याबरोबर फोटो काढणाऱ्यांची रांग आणि आत भिंतभर फ्लेक्स, असे चित्र बहुतेक समित्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. फिलिपिनो कॉमिक्सच्या बाबतीत हा मार्ग विशेष चुकीचा ठरतो, कारण त्या परंपरेची खरी श्रीमंती पात्रांपेक्षा पानांत आहे: निब आणि कुंचल्याने काळ्या शाईत रेखाटलेल्या, ठरल्या वेळी छापखान्यात पोहोचवाव्या लागलेल्या आणि स्वस्त कागदावर छापून गल्लोगल्ली वाचल्या गेलेल्या पानांत. म्हणून जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या वाचनालयाने, चित्रकला महाविद्यालयाने किंवा नगरपालिकेने असे दालन उभारायचे ठरवले, तर पान हे एकक धरून आखणी करावी. पान कसे काढले, कसे छापले आणि कोणी कसे वाचले, हे पाहणाऱ्याला कळेल अशी मांडणी हवी.

मनिलाच्या चित्रकारांचे आपल्याकडे काय काम, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल. त्याला उत्तर म्हणून अजिंठ्याच्या भिंतींपासून कॉमिक्सपर्यंत अखंड परंपरा आहे, असा फलक लावण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तसे काही सिद्ध करता येत नाही. अजिंठ्याच्या जातककथांत एकाच भिंतीवर एकाच पात्राचे अनेक प्रसंग चौकटींविना येतात, आणि ती भिंत पाहिलेल्याला चौकटींचे पान वाचायला सोपे जाते, एवढेच म्हणावे. छोट्या गावात कलेचे दालन चालत नाही, अशी शंका कोणी काढली, तर चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस यांचे घर-कलादालन आहे, याची आठवण करून द्यावी.

आखणीची सुरुवात जागेपासून नव्हे, संग्रहापासून करावी. फिलिपाइन्समधील जुन्या कॉमिक्सची मूळ रेखाटने फार थोडी उरली आहेत. छपाई झाल्यावर त्यांना किंमत आहे असे कोणाला वाटत नव्हते, आणि बरीचशी फेकली गेली किंवा नष्ट झाली. जेरी अलांगिलान या चित्रकाराने जुन्या अंकांतील पाने स्कॅन करून, डाग काढून, रेषा पुन्हा स्वच्छ करून कित्येक कलाकृती वाचवल्या. त्यांनी आधी इंटरनेटवर फिलिपिनो कॉमिक्सकलेचे संग्रहालय मांडले, आणि पुढे लगुना प्रांतातील सान पाब्लो शहरात प्रत्यक्ष छोटे संग्रहालयही उभे राहिले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. खान्देशातील दालनाने आदर्श ठेवायचा तर राजधानीतील भव्य इमारतीपेक्षा हाच ठेवावा. आपल्याकडे जुनी मूळ पाने येणार नाहीत हे मान्य करून तीन गोष्टी गोळा कराव्यात: परवानगी घेऊन छापलेल्या उत्तम प्रतिकृती, जुन्या छापील अंकांपैकी मिळतील तेवढे अंक, आणि आज काम करणाऱ्या एखाद्या फिलिपिनो चित्रकाराकडून रीतसर विकत घेतलेली दोन-चार मूळ पाने. प्रतिकृतीखाली ‘प्रतिकृती’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. ते लपवणाऱ्या दालनाच्या बाकीच्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

परवानगीचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, फिलिपाइन्समध्ये ५० वर्षे. १९९८ मध्ये निधन पावलेले चित्रकार फ्रान्सिस्को कोचिंग यांचे पान ‘जुने आहे’ म्हणून भिंतीवर चढवता येत नाही. वारसांना किंवा प्रकाशकांना लिहिताना प्रतिकृतीचे माप, प्रदर्शनाचा काळ, तिकीट आहे की नाही आणि स्मरणिकेत चित्र छापणार का, हे चारही मुद्दे पहिल्याच पत्रात असावेत.

आता पहिली खोली. १८८०च्या दशकात फिलिपाइन्सचे राष्ट्रपुरुष मानले जाणारे लेखक होसे रिझाल यांनी पॅरिसमध्ये पाझ पार्दो दे तावेरा यांच्या अल्बममध्ये माकड आणि कासवाची लोककथा चित्रमालिकेत रेखाटली, आणि फिलिपिनो कॉमिक्सचा आरंभ बहुधा तिथूनच मानला जातो. कथा अशी आहे की नदीतून वाहत आलेले केळीचे झाड दोघांना सापडते आणि ते अर्धे अर्धे वाटून घेतात. हिरव्यागार पानांना भुलून माकड शेंडा घेते, कासवाच्या वाट्याला मुळाकडचा भाग येतो; माकडाचा शेंडा वाळून जातो, कासवाची केळी फळाला येते. पुढे माकड झाडावर चढून केळी एकटेच खाते, कासव बुंध्याभोवती काटे पेरून त्याचा सूड घेते, आणि पकडले गेल्यावर ‘काही कर, पण पाण्यात तेवढे टाकू नकोस’ अशी गयावया करून स्वतःची सुटका करून घेते. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. केळी कंदातून येते, शेंडा लावून बाग उभी राहत नाही, हे त्याला ठाऊक असते आणि माकडाने शेंडा उचलताच तो हसतो. म्हणून या खोलीत माहिती कमीत कमी ठेवावी आणि चित्रे ओळीने, डोळ्यांच्या उंचीवर, मध्ये मोकळी जागा सोडून लावावीत. खरा कंद आणि कापलेला शेंडा शेजारी शेजारी मांडायचा असेल, तर तो बाहेरच्या ओसरीत मांडावा. ओली माती आणि तिच्याबरोबर येणारे किडे कागदाच्या खोलीत नकोत. रिझाल यांची चित्रे स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने त्यांच्या मोठ्या प्रती काढता येतात, पण त्या फुगवून भिंतभर करू नयेत. एका खासगी वहीतली ती छोटी रेखाटने आहेत, आणि त्यांची मजा लहान आकारातच आहे.

१९२९ मध्ये ‘लिवायवाय’ या नियतकालिकात रोमुआल्दो रामोस यांच्या लेखणीतून आणि टोनी वेलास्केझ यांच्या कुंचल्यातून ‘केनकॉय’ हा छानछोकी तरुण अवतरला, १९४६ मध्ये ‘हालाखाक’ हे अल्पायुषी कॉमिक्स निघाले, आणि १९४७ पासून ‘पिलिपिनो कोमिक्स’ने खरी लाट आणली, हा भाग एका भिंतीत आटोपता येतो. त्यानंतरची जागा मात्र सढळ हाताने द्यावी, कारण इथे वाचक येतो. फिलिपाइन्समध्ये अनेकांनी कॉमिक्स विकत घेण्याऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्याने घेऊन तिथल्या तिथे वाचले, आणि एकेक अंक कित्येक हातांतून गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या फिरत्या वाचनालयातून चित्रकथा भाड्याने आणून संध्याकाळपर्यंत परत करणाऱ्या पिढीला हे लगेच उमगेल. तेव्हा इथे काचेची पेटी ठेवू नये. दोरीवर चिमट्याने अडकवलेले पुनर्मुद्रित अंक आणि खाली लाकडी बाक ठेवावेत. अंक फाटणारच, फाटला की दुसरा छापून लावावा आणि तेवढी तरतूद वार्षिक खर्चात धरावी. मार्स रावेलो यांनी लिहिलेली आणि १९५० मध्ये नेस्टर रेडोंडो यांच्या चित्रांतून लोकांपुढे आलेली ‘दार्ना’ ही उडणारी महानायिका इथेच भेटावी, दोरीवर आणि बाकीच्या अंकांच्या गर्दीत. तिचा पुतळा करू नये.

दालनाचे काळीज पुढच्या खोलीत असावे. मधोमध एक लांब, किंचित उतरते टेबल ठेवावे आणि त्यावर चार-पाच चित्रकारांची पाने मूळ रेखाटनाच्या मापात ठेवावीत. मूळ पान छापील पानापेक्षा मोठे काढले जात असे, त्यामुळे शेजारी छापील आकारही ठेवला की फरक आपोआप दिसतो. टेबलाला साखळीने बांधलेली भिंगे असावीत. आल्फ्रेडो अल्काला यांच्या १९६३ च्या ‘व्होल्टार’मधील एका योद्ध्याच्या खांद्यावर भिंग धरले, तर सावली म्हणून दिसणारा भाग बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या, कुठेही न तुटणाऱ्या रेषांचा आहे, हे दिसते; लाकडी ठशाच्या जुन्या छपाईची आठवण व्हावी अशी ती वीण आहे. लगेच शेजारी रेडोंडो ठेवावेत: तिथे रेषा मोजक्या, मानवी देह शांत आणि प्रमाणबद्ध, कपड्याची घडी एका वळणात पूर्ण. त्यापुढे अॅलेक्स नीन्यो, ज्यांच्या पानात चौकट कधी वितळते, कधी पूर्ण पानाला विळखा घालते. कोचिंग यांना टेबलाच्या सुरुवातीला जागा द्यावी. ते कथा स्वतः लिहीत आणि स्वतःच चित्रित करीत, त्यांच्या अनेक कथांवर चित्रपट निघाले, पुढच्या चित्रकारांनी त्यांच्याकडे पाहून हात घडवला, आणि २०१४ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘राष्ट्रीय कलाकार’ हा देशाचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला. विकत घेतलेले एखादे आधुनिक मूळ पान इथेच असावे, म्हणजे अर्धवट खोडलेली पेन्सिल आणि चूक झाकणारा पांढऱ्या रंगाचा ठिपका प्रत्यक्ष पाहता येईल. जळगाव-धुळ्याच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी दालनातील सर्वांत उपयोगी जागा हीच ठरेल.

अमेरिकेचा भाग बाजूच्या लहान खोलीत ठेवावा. १९७१ मध्ये अमेरिकी प्रकाशनसंस्था डीसी कॉमिक्सचे कार्माइन इन्फान्टिनो आणि जो ऑर्लँडो मनिलाला गेले आणि फिलिपिनो चित्रकारांची मोठी फळी अमेरिकी कॉमिक्ससाठी काम करू लागली. चित्रकार टोनी डिझुनिगा त्याआधीच अमेरिकेत पोहोचले होते. १९७२ मध्ये आलेल्या ‘जोना हेक्स’ या अमेरिकी कॉमिक्स-नायकाचे ते सहनिर्माते. अल्काला यांनी जॉन बुसेमा यांच्या पेन्सिलवर शाई चढवून ‘कोनान’ला वेगळेच वजन दिले. ही माहिती अभिमानाची असली तरी तिला दालनाचा कळस करू नये. तसे केले की आधीची कित्येक दशके म्हणजे नुसती पूर्वतयारी होती, असा समज होतो. हे काम त्यांना अमेरिकी चित्रकारांपेक्षा कमी मोबदल्यात करावे लागले, हेही त्याच फलकावर लिहावे. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा लागू केल्यावर मायदेशातील कॉमिक्सवर निर्बंध आले. त्याचा फलक याच खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर, समोरासमोर यावा.

मुलांसाठी वेगळा विभाग करण्यापेक्षा लॅरी अल्काला यांची ‘स्लाइस ऑफ लाइफ’ मालिका खालच्या उंचीवर लावावी. बाजार, बसथांबा, लग्न अशा गजबजलेल्या दृश्यांत ते स्वतःचा चेहरा कुठेतरी दडवून ठेवत, आणि तो शोधता शोधता मुले अख्खे चित्र पाहून घेतात. त्यांनाही २०१८ मध्ये मरणोत्तर राष्ट्रीय कलाकाराचा सन्मान मिळाला, हे मुलांना सांगितले नाही तरी चालेल.

पानांवरील टागालोग, म्हणजे फिलिपाइन्सच्या प्रमुख भाषेतील, मजकुराचे काय करावे, यावर समितीत वाद होतील. संवादाच्या फुग्यातील अक्षरे पुसून तिथे मराठी टंक भरू नये. हाताने काढलेली ती अक्षरेही चित्राचाच भाग आहेत. पानाखाली चौकटींच्या क्रमांकानुसार मराठी अनुवादाची पट्टी द्यावी. माहितीफलक ६० ते ८० शब्दांत संपावा, आणि वेलांट्या-उकार एकमेकांत अडकणार नाहीत इतके अंतर ओळींत असावे. भिंतीवरच्या फ्रेमचा मध्य मोठ्यांसाठी जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर धरतात.

आता हवा आणि उजेड, कारण खान्देशात कागद मरतो तो याच दोन गोष्टींनी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते. गच्चीखालचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळावी. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडतो. जुने धाब्याचे घर मिळाले तर जाड भिंतींमुळे ते थंड राहते, पण धाब्याची माती गळते आणि वाळवी येते, म्हणून आधी वाळवीचा बंदोबस्त आणि मग छताखाली घट्ट कापडी आच्छादन हवे. कूलर अजिबात नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पहिली सूचना कूलरचीच येते, पण त्याची ओली हवा कागद फुगवते आणि बंद केल्यावर तोच कागद आकसतो. दिवसा चालू आणि रात्री बंद असा एसीही जवळपास तितकाच वाईट. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवता आली तर उत्तम. खोलीत ते जमत नसेल तर निदान बंद पेट्यांत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवावा.

मूळ पाने आणि जुने अंक यांच्यावर उजेड ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त पडू नये, आणि वर्षातून तीन-चार महिन्यांहून अधिक काळ ते प्रदर्शनात राहू नयेत. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावावी. वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने तो आपल्याच आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्याला आम्लरहित फोल्डरमध्ये आडवे ठेवावे. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना दालनात बंदी असावी, कारण हौशी मंडळी प्रेमापोटी सर्वांत आधी हेच करतात. पोथ्यांत कडुलिंबाची पाने ठेवण्याची पद्धत जुनी आहे, पण पान थेट कागदाला लागले की डाग पडतो. याबाबत शंका आल्यास धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या जुनी कागदपत्रे सांभाळणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा.

शेवटच्या खोलीत अलांगिलान यांची बोलत्या कोंबड्यांची ‘एल्मर’ आणि बजेट टान व काजो बाल्दिसिमो यांची, फिलिपिनो लोककथांतील भुताखेतांना आजच्या मनिलात आणणारी ‘ट्रेसे’ असावी. समोर रेखाटनाची टेबले, निब आणि शाई. इथल्या मुलांना दार्नाची नक्कल करायला न सांगता कानबाईच्या उत्सवाचा किंवा आजीने अहिराणीत सांगितलेल्या एखाद्या गोष्टीचा प्रसंग सहा चौकटींत मांडायला सांगावे, आणि फुग्यांत अहिराणीच राहू द्यावी. चांगली पाने दर तीन महिन्यांनी मधल्या खोलीतील त्या लांब टेबलावर, आल्फ्रेडो अल्काला-रेडोंडोंच्या शेजारी, भिंगाखाली ठेवावीत. मूळ पाने बदलण्याचा दिवसही तोच ठेवला, म्हणजे पेट्या एकदाच उघडाव्या लागतात, आणि कसर लागली आहे का हे त्याच वेळी तपासून नोंदवहीत लिहिता येते.